चाळिशीत परत कॉलेजात: दगड, ताट, चंद्र आणि पाचवीचा वर्ग

पोरगा हायस्कूलला गेला त्याच वर्षी मी कॉलेजला गेले. प्राथमिक शाळेत शिकवायचं हे डोक्यात फार आधीपासून होतं, कराडला गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचे तेव्हापासून, पण मग बी.कॉम., लग्न, व्हिसा, ग्रीन कार्डची रांग, पोरगं लहान, असं करत करत चाळिशी उलटली. आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला. इथे सरकारी शाळेत शिकवायचं तर आधी बॅचलर्स लागते आणि त्यावर शिक्षकीचं क्रेडेन्शियल. माझं बी.कॉम. तीन वर्षांचं. ज्या एजन्सीकडे मार्कशीटा तपासायला पाठवल्या त्यांनी भरपूर फी आणि भरपूर वेळ घेऊन कळवलं की हे तीन वर्षांचं शिक्षण धरू, पण इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकं नाही. दोन दिवस घरात सगळ्यांवर चिडचिड केली. मग कम्युनिटी कॉलेजातल्या काउन्सेलरला भेटले, ती म्हणाली तुझे काही युनिट्स, म्हणजे कोर्स मोजायचं इथलं माप, धरले जातील, राहिलेले इथे कर आणि स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घे, पुष्कळ जण असंच करतात.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय हे गावाकडच्या लोकांना मी अजून समजावतेच आहे. प्रवेश परीक्षा नाही, कटऑफ नाही, डोनेशन तर नाहीच. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरला, वर किरकोळ फी आणि पार्किंग. रहिवासी नसाल तर मात्र तोच आकडा कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे नवीन आलेल्यांनी एक वर्ष आणि एक दिवसाचा रहिवासाचा नियम नीट बघून घ्यावा, आणि व्हिसा कुठला त्यावरही अवलंबून असतं, ते कॉलेजलाच विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

आता विषय असे विचित्र का. प्राथमिकची बाई एकटीच वर्गाला सगळं शिकवते, म्हणून होऊ घातलेल्या बाईने सगळ्यातलं थोडं थोडं केलेलं असावं असा इथला हिशोब. म्हणून यादीत आलं पृथ्वीविज्ञान लॅबसकट, खगोलशास्त्र, पोषणशास्त्र, आणि शिक्षणक्षेत्राची ओळख म्हणून एक कोर्स. यादी बघून नवरा म्हणाला, अगं हे तर आपलं आठवीचं भूगोल-विज्ञान आहे, डोळे मिटून करशील. त्याला म्हटलं, अरे तूच कर मग. त्याला काय माहीत एका युनिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास घरी असा हिशोब धरलेला असतो, म्हणजे तीन युनिटला आठवड्याचे नऊ तास, आणि हे खरंच लागतात, कारण दर आठवड्याला वाचन, क्विझ, लॅब रिपोर्ट, आणि त्या कॅनव्हासवरच्या, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गातल्या, चर्चा. या चर्चांबद्दल एकदाच बोलून घेते. आपण दीडशे शब्द लिहायचे आणि मग दोन वर्गमित्रांना उत्तर द्यायचं. वर्गमित्र अठरा-एकोणीस वर्षांचे, निम्म्यांनी चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं, आणि मग त्याला दुसऱ्याच्या चॅटबॉटने उत्तर दिलेलं. मध्ये मी. हा प्रकार बंद केला तर कुणाचंही काही बिघडणार नाही.

रजिस्ट्रेशनचं थोडक्यात सांगते. अर्ज ऑनलाइन, फुकट. नवीन लोकांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो त्यामुळे संध्याकाळचे वर्ग भरलेले असतात, पण वेटलिस्टला नाव घालायचं आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचंच, बरेच जण येत नाहीत आणि सर ॲड कोड देतात, तो टाकला की वर्गात नाव लागतं. आणि वेळापत्रकात शून्य खर्चाचं पुस्तक अशी खूण असलेला वर्ग मिळाला तर तोच घ्या. माझ्या खगोलशास्त्राला ओपनस्टॅक्सचं पुस्तक होतं, नेटवर पूर्ण फुकट. पोषणशास्त्राला मात्र ऑनलाइन कोड विकत घ्यावा लागला, जो सेमिस्टर संपल्यावर बंद पडतो. पुस्तक विकत घेतलं आणि ते आपलं नाहीच!

पृथ्वीविज्ञान आधी केलं. पहिल्याच लॅबला टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये नंबर घातलेले दगड, आणि नावं तुम्ही शोधायची. आपल्याला सवय काय, की आकृती काढा, नावे द्या. इथे नाव शेवटी येतं. आधी नखाने ओरखडा काढून बघायचा, नखाचा कठीणपणा एक ते दहाच्या पट्टीवर साधारण अडीच. मग तांब्याचं नाणं, तीनच्या आसपास. मग काचेची पट्टी, साडेपाच. काचेवर ओरखडा उठला तर दगड काचेपेक्षा कठीण. मग एका खडबडीत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घासून रेघेचा रंग बघायचा, आणि इथे गंमत आली, एक स्टीलसारखा चकचकीत करडा दगड होता, सगळ्यांना वाटलं रेघ करडी किंवा काळी येणार, आली तांबडी. हेमॅटाइट. मी घासतच बसले, कारण तो रंग मला पाठ होता, तुळशी वृंदावन रंगवायला आजी जो गेरू आणायची तोच. गेरूचा रंग हेमॅटाइटमुळेच असतो. कॅल्साइटवर सौम्य ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं, आणि स्वच्छ कॅल्साइट छापील कागदावर ठेवला की अक्षरं दोन-दोन दिसतात. मिठाचा खडा चाटू नये असं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं आणि जवळजवळ सगळ्यांनी चाटला.

कॉरिडॉरमध्ये काचेचं कपाट होतं, त्यात एक हिरवट पारदर्शक स्फटिकांचा गड्डा, खाली चिठ्ठी: अपोफिलाइट, पूना, इंडिया. शेजारी पिवळसर गुलाबी स्टिलबाइट, तेही आपल्याकडचंच. मी इतकी वर्षं पुण्याला येऊन-जाऊन, आणि जगभरातल्या संग्रहालयांत पुणे-नाशिक-जळगावचे हे स्फटिक बसलेत हे मला इथे कॅलिफोर्नियात कळलं. बाईंना विचारलं तर त्यांनी पुढचा अर्धा तास त्यावरच घालवला. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्या राहतात, पुढे गरम पाणी झिरपत जातं आणि आतून हे स्फटिक वाढतात. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावल्यावर कातळात चकचकीत गारा निघतात ना, त्याच. आणि तो कातळ म्हणजे दख्खनचे लाव्हाचे थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. सह्याद्रीच्या डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात त्या एकावर एक ओतलेल्या लाव्हाच्या थरांमुळे. कराडला आगाशिवच्या लेण्यांत आम्ही शाळेची सहल म्हणून चिवडा खाऊन यायचो, तो लाव्हात कोरलेला डोंगर आहे हे तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगितलं असेलही. चिवड्यात लक्ष असणार.

भूकंपाची लॅब मला सगळ्यात आवडली. तीन ठिकाणच्या नोंदींचे कागद देतात, वेडीवाकडी रेघ असते, पहिली लाट कुठे आली आणि दुसरी कुठे आली ते पट्टीने मोजायचं. पहिली वेगवान, दुसरी मागून येणारी, दोघींमधलं अंतर जितकं जास्त तितका भूकंप लांब. मग नकाशावर तिन्ही ठिकाणांभोवती कंपासने वर्तुळं काढायची, जिथे तिन्ही मिळतात तिथे केंद्र. माझी वर्तुळं एका बिंदूत मिळेनात, छोटा त्रिकोण राहिला, तर बाई म्हणाल्या असाच राहतो, खऱ्या नोंदीत त्रिकोणच येतो, बिंदू आला तर मला संशय येईल. हे वाक्य मला फार आवडलं.

पुढच्या तासाला धरणांमुळे होणारे भूकंप आले आणि पडद्यावर पहिलंच नाव कोयना. ११ डिसेंबर १९६७, तीव्रता ६.३. वर्गात कुणाला भारताच्या नकाशात कोयना दाखवता आली नसती, आणि माझं माहेर तिथून तासाभरावर. घरी येऊन आईला फोन केला. ती तेव्हा परकरी पोर होती. म्हणाली, अगं पहाटेची वेळ, फळीवरची पितळी भांडी सगळी एकदम खाली आली, आप्पांनी सगळ्यांना ओढून अंगणात नेलं, थंडी मरणाची आणि कुणी आत जायला तयार नाही. मग कित्येक रात्री बाहेरच झोपले. मी तिला सांगायला लागले की धरणात पाणी साठलं की खालच्या भेगांत त्याचा दाब जातो, आधीच ताणात असलेला खडक सरकतो. आई म्हणाली, हे आम्हाला तेव्हाच सगळे म्हणत होते, धरणानं झालं म्हणून, तुला आता कॉलेजात सांगितलं होय.

आणि इथे घराजवळून हेवर्ड फॉल्ट जाते. एक गृहपाठ असा होता की ही भेग जमिनीवर शोधून फोटो काढून आणा. ती दरवर्षी साधारण अर्धा सेंटीमीटर सरकते, भूकंप न होता, नुसती गुपचूप. हेवर्ड गावात रोज आणि प्रॉस्पेक्ट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुटपाथची कड हळूहळू तुटून बाजूला सरकत गेलेली होती, भूगर्भवाले लोक वर्षानुवर्षं तिचे फोटो काढायचे, आणि २०१६ मध्ये नगरपालिकेने काम काढून ती कड सरळ करून टाकली! ते काम व्हीलचेअरच्या उतारासाठी होतं, त्यामुळे कुणाला धड रागावताही येईना. मी दुसऱ्या गल्लीत जाऊन वाकडी भिंत शोधली. त्या घरातली आजी बाहेर आली, तिला वाटलं मी घर विकत घ्यायला आले.

पोषणशास्त्राचा वर्ग निम्म्याहून जास्त नर्सिंगला जाणाऱ्यांचा, कारण त्यांना तो लागतोच. हा कोर्स वरवर सगळ्यात सोपा आणि घरात सगळ्यात जास्त भांडणं लावणारा. मुख्य प्रोजेक्ट म्हणजे तीन दिवस जे काही तोंडात गेलं ते सगळं लिहायचं, मोजून, आणि सॉफ्टवेअरमध्ये घालून त्याचं विश्लेषण करायचं. आता त्या सॉफ्टवेअरला पिझ्झाचे प्रकार ढीगभर माहीत, पण आमटी? थालीपीठ? भाजणीत आमच्याकडे ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धने, सगळं भाजून दळलेलं, ते एकेक धान्य ग्रॅममध्ये टाकायचं. मी वजनकाटा आणला आणि ओट्यावर ठेवला. फोडणीचं तेल आधी कढईत पळीने न घालता वाटीत मोजून घ्यायचं. पहिल्या दिवशी तेलाचा आकडा बघून मी सॉफ्टवेअर चुकतंय म्हणून परत टाकून बघितलं. सॉफ्टवेअर बरोबर होतं. स्निग्धाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी आणि पिष्टाच्या, प्रथिनाच्या ग्रॅमला चार, त्यामुळे तीन पळ्या तेल काय करतं ते कळलंच.

त्या तीन दिवसांत एक एकादशी आली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वरीचा भात. रिपोर्टमधला बार बघून शेजारी बसलेली फिलिपिनो मुलगी, तीही नर्सिंगवाली, म्हणाली, हा तुमचा उपवासाचा दिवस? तूप, दाणे आणि नुसता स्टार्च, इतर दोन दिवसांपेक्षा कॅलरी जास्त. मी म्हटलं हो, आम्ही उपवास पोटभर करतो.

पण याच कोर्सने काही गोष्टी पक्क्या केल्या. धान्यात लायसिन नावाचं अमिनो ॲसिड कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, दोन्ही एकत्र आले की एकमेकांची कसर भरून निघते, म्हणजे वरण-भात, पुरणपोळी, इडली, सगळं बसतं. पालेभाजी आणि धान्यातलं लोह अंगाला लागायला अवघड, पण सोबत क जीवनसत्त्व असलं की बरंच जास्त लागतं, म्हणून पोह्यांवर लिंबू पिळणं शहाणपणाचं, आणि लगेच वर कपभर चहा प्यायला की तो फायदा पाण्यात, कारण चहातले घटक लोह अडवतात. माझ्या वयाच्या बाईला रोज १८ मिलिग्रॅम लोह लागतं आणि माझ्या कुठल्याच दिवशी ते भरलं नाही. बी-१२ तर विचारूच नका. ते प्राणिजन्य पदार्थांतच मिळतं, दूध-दही धरून, आणि रोजचे २.४ मायक्रोग्रॅम लागतात, इतकुसा आकडा, तरी आम्हा शाकाहारी घराच्या बारमध्ये तो अर्ध्यावरच थांबलेला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासलं आणि गोळी सुरू झाली.

बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्याच्या, तासाला मात्र मी हात वर केला. पुस्तकात पंचवीसच्या आत म्हणजे ठीक असं चाललं होतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मला माझ्या मधुमेही वडिलांमुळे माहीत होतं. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा शेजारी-शेजारी उभं राहिलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली माणसं बारीक दिसतात आणि आतून चरबी जास्त, म्हणून आशियाई लोकांसाठी धोक्याची रेघ तेवीसला धरतात. सरांनी तो फोटो तिथल्या तिथे शोधून पडद्यावर लावला आणि पुढच्या सेमिस्टरच्या स्लाइडमध्ये टाकतो म्हणाले. टाकला का ते माहीत नाही.

खगोलशास्त्राच्या पहिल्या तासाला सरांनी सगळ्यांना ए-बी-सी-डी छापलेले रंगीत कागद दिले आणि विचारलं की चंद्राच्या कला कशामुळे होतात. वर्गातला मोठा भाग पृथ्वीच्या सावलीवर, म्हणजे चुकीच्या उत्तरावर. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले शेजारच्याशी बोला आणि त्याला पटवा. मग परत कागद वर. मग गृहपाठ दिला, महिनाभर चंद्राची वही. रोज कधी दिसला, कुठल्या दिशेला, किती उंच, किती भाग उजळ. उंची मोजायची हाताने, हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश, करंगळी एक अंश. स्वतः चंद्र जेमतेम अर्धा अंश, करंगळीमागे आरामात लपतो, खोटं वाटत असेल तर पौर्णिमेला करून बघा.

इथे मला माहेरच्या कालनिर्णयाचा जो फायदा झाला तो वर्गात कुणालाच नव्हता. कुठल्या दिवशी चंद्र रात्री उशिरा उगवणार हे आपल्याला संकष्टीमुळे लहानपणापासून पोटातूनच माहीत असतं, भूक लागलेली असते आणि चंद्र काही येत नाही. पण तिथी म्हणजे नक्की काय ते मी कधी विचारलं नव्हतं. वही भरता भरता लागलं ते असं: चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत दिवसाला साधारण तेरा अंश पूर्वेकडे सरकतो, सूर्य साधारण एक अंश, दोघांमधलं अंतर रोज बारा अंशांनी वाढतं. तीस तिथ्या गुणिले बारा, तीनशे साठ. म्हणजे तिथी हा दिवस नाहीच, तो कोन आहे, म्हणून ती दुपारी अडीचला पण बदलते, म्हणून मध्येच एखाद्या तिथीचा क्षय होतो, आणि म्हणूनच आईची संकष्टी आणि माझी संकष्टी कधीकधी वेगळ्या तारखेला येते. तो कोन जगभर एकाच क्षणी होतो पण तेव्हा तिच्याकडे रात्र असते आणि माझ्याकडे सकाळ. मी हे दोन पानं लिहून वहीला जोडलं. सरांनी ऑफिस अवर्सना बोलावलं आणि मीच त्यांना अर्धा तास पंचांग समजावलं, म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं.

मग टर्म पेपर संक्रांतीवर केला. सूर्य उत्तरेकडे वळतो २१ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. मधले तीन आठवडे गेले कुठे? पृथ्वीचा अक्ष स्वतःच फार हळू गोल फिरतो, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. आपली मकर रास ताऱ्यांना धरून मोजतात, ऋतू अक्षाला धरून चालतात, दोघांत आता सुमारे चोवीस अंशांची फट पडलीय. चोवीस गुणिले बहात्तर करून बघा, सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एका दिवशी येत असणार. पेपर झाला त्या आठवड्यात वर्गात तिळाच्या वड्या नेल्या होत्या. वड्या जास्त आवडल्या लोकांना.

एक योगायोग सांगते, परीक्षेत येत नाही. वर्णपटाच्या लॅबला सर हायड्रोजनची, हेलियमची नळी पेटवतात आणि जाळीच्या चष्म्यातून रंगीत रेघा बघायच्या असतात. हेलियमची कथा १८६८ ची. १८ ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण, ते बघायला जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला, आणि लॉकियर या इंग्रजाने ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेची पिवळी रेघ, म्हणजे हेलियमची, बघितली ती २० ऑक्टोबरला. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑक्टोबर १८६८ ला, माझ्या घराजवळच्या हेवर्ड फॉल्टवर मोठा भूकंप झाला. एका कोर्समधली तारीख दुसऱ्या कोर्सच्या वहीत सापडली. लॉकियर तेव्हा विजयदुर्गावर होता असं आपल्याकडे फॉरवर्ड फिरतं, पण तो इंग्लंडातच होता, ग्रहणाला जान्सेन आला होता भारतात.

खगोलचा शेवटचा भाग, आकाशगंगा, विश्वाचा विस्तार वगैरे, चार आठवड्यांत धावत संपवला आणि माझ्या तरी डोक्यात फारसा राहिला नाही. विषयाची तोंडओळख करून देणाऱ्या सगळ्याच कोर्सांचं हे होतं, सुरुवात तब्येतीत आणि शेवट लोकल पकडल्यासारखा.

शिक्षणाचा कोर्स सगळ्यात कठीण होता. पुस्तकामुळे नाही, पुस्तकात पियाजे, व्हायगॉट्स्की, ब्लूम ही मुलं कशी शिकतात यावर लिहिणारी मंडळी, हे सगळं वाचून होतं. कठीण तो पंचेचाळीस तास शाळेत बसण्याचा भाग. त्याआधी टीबीची टेस्ट, बोटांचे ठसे, आणि कुठली शाळा घेते त्याची वाट बघणं, यातच महिना जातो, तेव्हा हे पहिल्या आठवड्यातच सुरू करा. पहिला निबंध स्वतःच्या शाळेवर होता. मी रयतच्या शाळेत शिकलेली, ती संस्था १९१९ मध्ये आमच्याच कराड तालुक्यातल्या काल्याला भाऊराव पाटलांनी सुरू केली, ते सगळं लिहिलं, कमवा आणि शिका, सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवायला लावला आणि मग चर्चा १९७४ च्या लाउ विरुद्ध निकोल्सवर गेली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना इंग्रजी येत नसताना तसंच वर्गात बसवलं होतं आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांना एकच पुस्तक आणि एकच बाई दिली म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. मराठी माध्यमातून कॉलेजला जाऊन पहिल्या वर्षी अकाउंट्सच्या इंग्रजी पुस्तकापुढे बसलेल्या कुणालाही हे एका वाक्यात कळेल.

मला मिळाला पाचवीचा वर्ग. मागे बसायचं आणि वहीत डावीकडे फक्त जे दिसलं ते, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. डावीकडची बाजू लिहिणं भयंकर अवघड. "मुलगा कंटाळला" हे डावीकडे चालत नाही. "मुलाने पेन्सिलीचं खोडरबर दाताने तोडून तीन तुकडे केले आणि बाकावर ओळीत लावले" हे चालतं. माझी डावी बाजू बाई लाल पेनाने उजवीकडे ढकलायच्या.

मेरी बड रो यांचं काम पुस्तकात होतं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. मी वर्गातल्या टीचरचं घड्याळावर मोजलं, ती चांगली चार-पाच सेकंद थांबायची आणि ती शांतता मागे बसून सुद्धा सहन होत नव्हती. मग मला वीस मिनिटांचा एक धडा घ्यायला दिला. कलांचं पूर्ण कारण इथे मिडल स्कूलला येतं, पण पाचवीत सावल्या आणि आकाशाची निरीक्षणं आहेतच, म्हणून टीचर म्हणाली घे. मध्ये एक बल्ब, बाकी अंधार, प्रत्येकाला पेन्सिलीवर खोचलेला थर्मोकोलचा गोळा. तुझं डोकं म्हणजे पृथ्वी. बल्बकडे तोंड केलं की गोळा काळा, अमावास्या. हळूहळू डावीकडे वळा, उजव्या कडेला कोर दिसायला लागते, आणि हे पोरांना दिसलं की जो आवाज झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. बल्बकडे पाठ केली की अर्ध्यांच्या गोळ्यावर त्यांच्याच डोक्याची सावली पडली. एक जण ओरडला, माझा चंद्र गेला! मी म्हटलं थोडा वर धर, आला. मग विचारलं, गेला होता तेव्हा काय झालं होतं? आणि थांबले. मनात आकडे मोजत. एक, दोन, तीन, चार. एक मुलगी, जी आठवडाभर काही बोलली नव्हती, म्हणाली ढग आले. दोघे तिच्यावर तुटून पडले, ढग नाही ग, डोकं, मग तिने स्वतः गोळा खाली-वर करून बघितला आणि मलाच विचारलं, मग आपलं डोकं रोज मध्ये का येत नाही? म्हणजे दर महिन्याला ग्रहण का नाही. चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली आहे ते मला माहीत होतं, पण सांगायच्या आधी घंटा झाली आणि सगळे गोळे टेबलावर टाकून पोरं जेवायला पळाली. टीचर म्हणाली, बरं झालं, उद्या त्यांनाच विचार.

ग्रेडचं म्हणाल तर तीन ए आणि पोषणशास्त्रात बी, ऑनलाइन परीक्षेला वेळ कमी पडला. नोकरी करून करणार असाल तर लॅबवाला कोर्स एका सेमिस्टरला एकच घ्या, आणि शिक्षणाचा कोर्स दिवसा मोकळा वेळ असेल तेव्हाच, कारण शाळा सकाळी असतात आणि ऑफिसही सकाळीच असतं. माझ्या यादीत आता प्राथमिक शिक्षकांसाठीचं गणित आहे, त्यात म्हणे अपूर्णांकांचा भागाकार उलटा करून गुणा हे सांगून चालत नाही, का ते चित्र काढून दाखवावं लागतं. वर्ग भरलेला आहे. वेटलिस्टला सहावी आहे, पहिल्या दिवशी लवकर जाऊन पुढच्या बाकावर बसणार.